संविधान सभेतील चर्चांचे संकेतस्थळ : भाषणासाठी आधार शोधणाऱ्याच्या नजरेतून एक परीक्षण

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांत, सार्वजनिक ग्रंथालयांत आणि तालुक्याच्या सभागृहांत संविधान दिनाच्या भाषणांची तयारी सुरू होते. २६ नोव्हेंबर हा दिवस २०१५पासून देशभर संविधान दिन म्हणून पाळला जातो, आणि २६ जानेवारी व १४ एप्रिल हे दिवस तर त्याआधीपासूनच वक्त्यांचे आहेत. या तिन्ही दिवशीच्या भाषणांत ‘बाबासाहेब म्हणाले होते’ हे शब्द हमखास येतात. ते केव्हा म्हणाले, कोणासमोर म्हणाले आणि कोणाच्या मुद्द्याला उत्तर देताना म्हणाले, हे मात्र क्वचितच ऐकायला मिळते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून वक्तृत्वाची तयारी करून घेणे हे माझे काम आहे, आणि त्या कामात मी ज्या एका साधनावर सर्वांत जास्त विसंबून असते, त्याचे हे परीक्षण आहे.

ते साधन म्हणजे बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्च’ या संस्थेने उभे केलेले ‘कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया डॉट नेट’ हे संकेतस्थळ. संविधानाचा मजकूर, त्यातील प्रत्येक अनुच्छेदावर संविधान सभेत झालेल्या चर्चेचा सारांश, सभेचे ९ डिसेंबर १९४६पासूनचे दिवसवार कामकाज, समित्यांचे अहवाल, सदस्यांचे परिचय आणि १९२८चा नेहरू अहवाल किंवा १९३१चा कराची ठराव यांसारखे संविधानापूर्वीचे दस्तऐवज असा ऐवज येथे एकत्र मिळतो. वाचनासाठी एक पैसाही पडत नाही. एवढी सामग्री इतरत्रही विखुरलेली सापडते, हे खरे. भाषण करणाऱ्याच्या दृष्टीने या संकेतस्थळाचे खरे मोल त्याने कामकाजाची मांडणी कशी केली आहे, यात आहे.

कामकाजाचा कोणताही दिवस उघडला की प्रत्येक वक्त्याचे बोलणे परिच्छेदांत विभागलेले दिसते आणि प्रत्येक परिच्छेदाला स्वतःचा क्रमांक असतो. खंड, सभेच्या बैठकीचा दिवस आणि परिच्छेद असे तीन आकडे टिंबांनी जोडून तो क्रमांक तयार होतो. त्यामुळे शंभरभर पानांच्या कामकाजातले एखादे वाक्य ऐकणाऱ्याला नेमके कुठे सापडेल, हे एका क्रमांकात सांगता येते. ज्याला आपले म्हणणे तपासले जावे असे वाटते, त्या वक्त्याच्या दृष्टीने ही सोय फार मोठी आहे. ‘संविधान सभेतील चर्चा’ एवढाच आधार दिला तर ऐकणाऱ्याने अकरा अधिवेशनांचे कामकाज चाळायचे की काय, असा प्रश्न उभा राहतो. आणि तसे कोणी करत नसल्यामुळे असला आधार दिला काय नि न दिला काय, सारखेच.

याचा उपयोग कसा होतो, हे संविधान दिनाला सर्वाधिक उद्धृत केल्या जाणाऱ्या एका भाषणावरून दाखवते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी मसुद्यावरील चर्चेचा समारोप करणारे भाषण केले. ‘२६ जानेवारी १९५० रोजी आपण एका विसंगतीच्या जीवनात प्रवेश करत आहोत; राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता असेल,’ हा त्यांचा इशारा याच भाषणातला. तो बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. भाषण पहिल्या परिच्छेदापासून वाचले तर मात्र आणखी कितीतरी गोष्टी हाती लागतात. सुरुवातीलाच ते सांगतात की सभा प्रथम भरली त्या दिवसापासून आता दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस होत आहेत. आपल्याकडच्या भाषणांत आणि फलकांवर हा आकडा सर्रास अठरा दिवस असा असतो, आणि कोणता बरोबर यावर मी शिक्षकांना वाद घालताना पाहिले आहे. भाषणाची तारीख पाहिली की वाद संपतो, कारण डॉ. आंबेडकर २५ तारखेला बोलत होते आणि संविधान स्वीकारले गेले ते दुसऱ्या दिवशी. दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रत्येकाचा दिवस वेगळा आहे. तारीख न सांगता आकडा सांगितला की तोच आकडा चुकीचा ठरू शकतो, हे विद्यार्थ्याला पटवायला याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.

त्याच भाषणात ते मसुद्याची वाटचालही आकड्यांत मांडतात. संविधान सल्लागारांच्या मूळ मसुद्यात २४३ अनुच्छेद व १३ परिशिष्टे होती, मसुदा समितीच्या पहिल्या मसुद्यात ३१५ अनुच्छेद व ८ परिशिष्टे झाली आणि अंतिम रूपात ३९५ अनुच्छेद व ८ परिशिष्टे आली. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्षात मांडल्या गेल्या. संविधानावरच्या खर्चाचा जो आकडा वक्ते सांगतात, त्याचा उगम मात्र पुढच्या दिवसाच्या कामकाजात आहे. २६ नोव्हेंबरच्या भाषणात अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी २२ नोव्हेंबरपर्यंतचा खर्च ६३,९६,७२९ रुपये असल्याचे सांगितले आणि प्रेक्षक सज्जात ५३,००० लोकांना प्रवेश दिला गेल्याचेही नमूद केले. ‘चौसष्ट लाख रुपये खर्च झाला’ असे म्हणण्यापेक्षा ‘२२ नोव्हेंबर १९४९पर्यंत इतका खर्च झाल्याचे राजेंद्रबाबूंनी सभेला सांगितले’ असे म्हणणे लांब वाटेल, परंतु ते वाक्य कोणीही खोडून काढू शकत नाही.

आधार देण्याने भाषणाचा ओघ तुटतो, अशी तक्रार विद्यार्थी नेहमी करतात. त्याचे उत्तरही याच संकेतस्थळावर आहे, आणि तेही ज्यांना उद्धृत करायला सगळे धडपडतात त्यांच्याच बोलण्यात. मसुदा सभेपुढे ठेवताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी केलेले भाषण उघडून पाहावे. संविधानाच्या मजकुरात प्रशासनाचे तपशील कशासाठी घातले, या टीकेला उत्तर देताना ते ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार ग्रोट याचे नाव घेतात आणि संविधानिक नीतिमत्ता समाजातील केवळ बहुसंख्याकांत नव्हे तर सर्वांत पसरलेली असणे ही स्वतंत्र आणि शांततामय शासनाची अनिवार्य अट आहे, अशा आशयाचा त्याचा उतारा सभेला ऐकवतात. पुढे त्या संज्ञेतून ग्रोटला काय अभिप्रेत होते ते स्पष्ट करतात. आणि मग स्वतःचे म्हणणे मांडतात : ही नीतिमत्ता माणसाला उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. कोण बोलला, तो कोण होता, काय म्हणाला, त्याचा अर्थ काय आणि त्यावर माझे म्हणणे काय, हा क्रम त्यांनी एकदाही मोडलेला नाही. ग्रोटचे शब्द कुठे संपतात आणि आंबेडकरांचे कुठे सुरू होतात, याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात तिळमात्र संभ्रम राहत नाही.

समारोपाच्या भाषणातही हेच दिसते. लोकशाही टिकवायची असेल तर आपले स्वातंत्र्य थोर पुरुषाच्याही चरणी वाहू नये, हा इशारा ते इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलच्या नावाने देतात. कृतज्ञतेलाही मर्यादा असतात हे सांगताना आयर्लंडचे देशभक्त डॅनिएल ओकॉनेल यांचे नाव घेतात. संविधानात बदल करण्याची वाट पुढच्या पिढ्यांसाठी मोकळी का ठेवली हे सांगताना अमेरिकन मुत्सद्दी जेफरसनचा उतारा वाचून दाखवतात. त्यानंतर धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातील भक्ती ही अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे, असे जे ते म्हणतात ते त्यांचे स्वतःचे आहे. आपल्याकडे मिल आणि आंबेडकर यांची ही वाक्ये एकत्र जोडून सगळीच एकाच्या नावावर खपवली जातात. ज्यांनी स्वतः इतक्या काटेकोरपणे दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला दिले, त्यांचे नाव घेताना तरी आपण हा ढिसाळपणा करू नये, असे मला मनापासून वाटते. याच भाषणात त्यांनी आपल्याला दिले जाणारे श्रेय अंशतः संविधान सल्लागार सर बी. एन. राव यांचे असल्याचे सांगितले आहे आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांच्या परिश्रमांचाही उल्लेख केला आहे. हा भाग भाषणात घेतल्याने बाबासाहेबांची थोरवी कमी होत नाही. उलट श्रोत्यांपुढे त्यांचा मोठेपणा त्यांच्याच शब्दांतून उभा राहतो.

या संकेतस्थळाचा दुसरा मोठा गुण म्हणजे पुढचा दिवस अगदी शेजारी असतो. छापील उताऱ्यांच्या संग्रहांत एखादे भाषण सुटे मिळते; येथे त्याला सभागृहाने काय उत्तर दिले, हेही त्याच ओघात वाचता येते. ४ नोव्हेंबरच्या त्याच भाषणात खेड्यांविषयी एक अतिशय कठोर विधान आहे. भारतीय खेडी म्हणजे छोटी प्रजासत्ताके होत, हे ब्रिटिश प्रशासक मेटकाफचे प्रसिद्ध वर्णन आधी सविस्तर वाचून दाखवून डॉ. आंबेडकर विचारतात की स्थानिक संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांखेरीज खेड्यात आहे काय? मसुद्याने खेडे सोडून व्यक्ती हा घटक मानला, याचा त्यांना आनंद वाटतो. हे विधान वक्ते दोन्ही बाजूंनी वापरतात : कोणी टाळ्या मिळवण्यासाठी, कोणी नाके मुरडण्यासाठी. परंतु दुसऱ्याच दिवशी एच. व्ही. कामत यांनी या भूमिकेवर शहरी बुद्धिजीवीची भूमिका म्हणून टीका केली आणि नंतरही अनेक सदस्यांनी नाराजी व्यक्त केली, हे किती जण सांगतात? पुढे २२ नोव्हेंबर १९४८ रोजी के. संतानम यांनी ग्रामपंचायतींच्या संघटनाविषयी ३१-अ हा नवा अनुच्छेद सुचवला आणि डॉ. आंबेडकरांनी तो स्वीकारला. आजच्या संविधानातला अनुच्छेद ४० तो हाच. ज्याला ग्रामस्वराज्यावर बोलायचे आहे किंवा त्याच्या विरोधात बोलायचे आहे, त्या दोघांनीही ४ नोव्हेंबर ते २२ नोव्हेंबर हा संपूर्ण प्रवास वाचल्याशिवाय व्यासपीठावर चढू नये. या प्रवासात भाषणाला लागणारे सगळे नाट्य आहे : ठाम मत, विरोध, आणि मतभेद कायम ठेवूनही सभागृहाच्या भावनेला दिलेला मान.

अनुच्छेदांच्या क्रमांकांबाबत मात्र वापरणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून राहायला हवे, कारण सभेत चर्चा झाली ती मसुद्यातील क्रमांकांनी आणि आपण बोलतो ते आजच्या क्रमांकांनी. मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणारा अनुच्छेद ३२ हा संविधानाचा आत्मा आणि हृदय असल्याचे डॉ. आंबेडकरांनी म्हटले, हे वाक्य वक्तृत्व स्पर्धांत वारंवार ऐकू येते. ते खरे आहे. ९ डिसेंबर १९४८चे कामकाज उघडले तर ते सापडते. पण तेथे चर्चा चालू आहे ती अनुच्छेद २५वर. आज अनुच्छेद २५ म्हणजे धर्मस्वातंत्र्य. क्रमांकांतला हा फरक ठाऊक नसलेला विद्यार्थी मूळ कामकाज वाचून आला, तर बाबासाहेबांनी धर्मस्वातंत्र्याला संविधानाचे हृदय म्हटले असे तो प्रामाणिकपणे सांगेल आणि वर परिच्छेद क्रमांकही देईल. संकेतस्थळावर आजच्या अनुच्छेदाचे जे स्वतंत्र पान आहे, तेथे तो मसुद्यात कोणत्या क्रमांकाचा होता आणि त्यावर कोणत्या दिवशी चर्चा झाली, हे दिलेले असते. म्हणून माझा आग्रह असा असतो की शोध नेहमी अनुच्छेदाच्या पानापासून सुरू करावा, तेथून तारीख घ्यावी आणि मग त्या दिवसाच्या कामकाजात शिरावे. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ मसुद्यात ११ होता. तो २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर झाला तेव्हा सदस्यांनी ‘महात्मा गांधी की जय’चा घोष केल्याची नोंद कामकाजात आहे. सभागृहातला तो क्षण श्रोत्यांपुढे उभा करण्यासाठी वक्त्याला स्वतःचे एकही विशेषण वापरावे लागत नाही.

अनुच्छेदाच्या पानावरील चर्चेचा सारांश वाचायला सोपा आणि नीट लिहिलेला असतो. परंतु तो संपादकांनी लिहिलेला आहे, सभागृहात कोणी ते शब्द उच्चारलेले नाहीत. सारांशातले वाक्य उचलून ते एखाद्या सदस्याच्या तोंडी घालणे, ही या संकेतस्थळाचा वापर करताना होऊ शकणारी सर्वांत सहज आणि सर्वांत गंभीर चूक आहे. सारांशावरून दिशा घ्यावी, अवतरण मात्र कामकाजातूनच घ्यावे.

एखादे वाक्य येथे सापडले नाही, यालाही अर्थ असतो. ‘हे संविधान जाळणारा मी पहिला असेन’ असे डॉ. आंबेडकर संविधान सभेत म्हणाले, असे बेधडक सांगितले जाते. संविधान सभेच्या कामकाजात ते वाक्य नाही, कारण ते तेथे उच्चारले गेलेच नव्हते. ते २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत, आंध्र राज्याच्या विधेयकावरील चर्चेत, अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा मुद्दा मांडताना उच्चारलेले आहे. १९ मार्च १९५५ रोजी त्याच सभागृहात त्यांना त्याविषयी छेडले गेले, तेव्हा त्यांनी स्पष्टीकरण दिले : देवासाठी मंदिर बांधावे आणि देवाची प्रतिष्ठापना होण्यापूर्वीच असुराने त्याचा ताबा घ्यावा, तर मंदिर पाडण्यावाचून काय उरते? दोन्ही विधाने एकत्र ठेवली की त्या संतापाचा रोख कळतो. वाक्य खरे असूनही जागा आणि वर्ष चुकले की त्याचा अर्थ उलटा होतो, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात विनाकारण गैरसमज पेरले जातात. या संकेतस्थळाची व्याप्ती संविधान सभेपुरती आहे हे लक्षात ठेवून, संसदेतील भाषणांसाठी राज्यसभेच्या कामकाजाच्या नोंदींकडे वळावे लागते.

आता अडचणींविषयी. मराठी वक्त्याला सर्वांत मोठी अडचण भाषेची येते. सभेचे छापील कामकाज ज्या इंग्रजीत आहे, त्याच इंग्रजीत ते येथे वाचावे लागते. शोधही त्याच भाषेत घ्यावा लागत असल्याने, मराठीत ऐकलेले अवतरण मूळ शब्दांत काय असेल याचा अंदाज बांधत बसावे लागते. भारदस्त शब्दापेक्षा त्या वाक्यातले विशेषनाम किंवा एखादा क्वचित वापरला जाणारा शब्द घेऊन शोधले तर लवकर सापडते. ‘समता’ या अर्थाच्या शब्दाने शेकडो परिच्छेद येतील, ग्रोटच्या नावाने मोजकेच. अनुवाद वक्त्याने स्वतः केला असेल तर तसे सांगावे, आणि दुसऱ्याचा घेतला असेल तर अनुवादकाचे नाव घ्यावे. संविधानातील तरतुदीचे शब्द उच्चारायचे असतील तर मात्र स्वतःचा अनुवाद करू नये. शासनाने प्रसिद्ध केलेली ‘भारताचे संविधान’ ही मराठी प्रत आहे, तिच्यातील शब्दच वापरावेत.

दुसरी गोष्ट अशी की परिच्छेद क्रमांक ही या संकेतस्थळाची स्वतःची व्यवस्था आहे. छापील खंडांत ते क्रमांक नसतात, तेथे पृष्ठांक असतात. भाषण पुढे लेख म्हणून छापायचे असेल, किंवा परीक्षक जुन्या पद्धतीचा आणि पुस्तकी आधारावर विश्वास ठेवणारा असेल, तर छापील पान गाठावे. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात त्या खंडांच्या प्रती पाहता येतात. महाराष्ट्र शासनाने १९७९पासून प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या मालिकेत तेराव्या खंडात त्यांची संविधान सभेतील भाषणे आहेत आणि मोठ्या ग्रंथालयांत हा खंड सहसा असतो. त्यांची मराठीतली भाषणे अठराव्या खंडाच्या तीन भागांत आहेत. जे वाक्य बाबासाहेब मुळात मराठीतच बोलले, ते इंग्रजीतून पुन्हा मराठीत आणण्याचा उपद्व्याप त्या भागांमुळे टळतो.

या सगळ्या शोधातून हाती आलेले भाषणात किती सांगावे, याविषयी माझा अनुभव असा आहे की व्यासपीठावरून परिच्छेद क्रमांक वाचून दाखवू नयेत. श्रोत्याला कानाने धरता येतील एवढ्या तीन गोष्टी पुरतात : बोलणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख. ‘२५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी, संविधान सभेपुढे समारोप करताना डॉ. आंबेडकर म्हणाले’ हे वाक्य उच्चारायला काही क्षण लागतात आणि तेवढ्यात सभागृह शांतही होते, कारण आता काहीतरी नेमके येणार आहे हे श्रोत्यांना उमजते. क्रमांक टिपणाच्या कागदावर समासात लिहावा आणि कार्यक्रमानंतर कोणी विचारले तर लगेच दाखवता यावा. अवतरण सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर किंचित थांबावे. लेखात अवतरणचिन्हे जे काम करतात, ते भाषणात या थांब्याने होते. आणि एका भाषणात दोन किंवा तीनच अवतरणे घ्यावीत. स्वतःच्या म्हणण्याला जागा उरली पाहिजे, नाहीतर संविधान सभेचे कामकाज ऐकायला श्रोत्यांनी आपल्याकडे यायचे कारणच राहत नाही.

संकेतस्थळ पहिल्यांदा उघडणाऱ्या विद्यार्थ्याने बाबासाहेबांच्या दीर्घ भाषणांपासून सुरुवात करू नये, असे मी सुचवते. सदस्यांच्या परिचयाच्या विभागात जाऊन ज्यांचे नाव संविधान दिनाला सहसा घेतले जात नाही अशा एखाद्या सदस्याची निवड करावी. केशवराव जेधे, काकासाहेब गाडगीळ, शंकरराव देव, पंजाबराव देशमुख, बाळासाहेब खेर, बॅरिस्टर जयकर ही सगळी आपल्याकडची माणसे तेथे आहेत. जयकर सभेतून बाहेर पडल्यानंतर रिकाम्या झालेल्या जागेवरच डॉ. आंबेडकर फाळणीचा निर्णय झाल्यानंतर मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. त्याआधी ते बंगालमधून सदस्य होते. मुलींना मी मुंबईहून निवडून आलेल्या हंसा मेहता यांच्यापासून सुरुवात करायला सांगते. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर त्या १९ डिसेंबरला बोलल्या. आमच्या महिला संघटनेने राखीव जागा किंवा वेगळे मतदारसंघ कधीही मागितले नाहीत, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय मागितला, असे त्यांनी सभेला सांगितले. इंग्रजी सोपे आहे, संदर्भ स्पष्ट आहे, आणि बोलणाऱ्याचे नाव, प्रसंग व तारीख या तिन्ही गोष्टी पहिल्याच वाचनात टिपून घेता येतात.